मोठी चाकं आणि सासूबाईंचं जेवण

पिकअपचे टायर बदलायला हवे होते, हे पार्श्वनाथ मगदूमची बायकोसुद्धा मान्य करत होती. ते मोठेच का घातले, एवढाच तिचा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाला पार्श्वनाथकडे उत्तर होतं, हीच खरी अडचण.

मच्छे गावात पार्श्वनाथचा पेंड आणि सरकीचा धंदा. पोती वाहायला गाडी हवी म्हणून तो लिलावाला गेला आणि एक अमेरिकन पिकअप घेऊन आला. धरणाच्या कामावर आलेले कुणी परदेशी साहेब परत जाताना ती मागं टाकून गेले होते. (ते का टाकून गेले, हा विचार लिलावात कुणी करत नाही.) तिचं स्टिअरिंग डावीकडे. तिला क्लच नाही. गिअर ती आपले आपण बदलायची. स्टिअरिंगखाली एक झिजलेला दांडा होता. तो एका खुणेवर ठेवायचा आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही, एवढं पार्श्वनाथला समजलं होतं.

"आण्णा, आता कितव्या गिअरात हाय?" शेजारी बसलेला माणूस हमखास विचारायचा.

"मला काय ठावं? तिला ठावं," पार्श्वनाथ अभिमानानं सांगायचा.

जुने टायर झिजून गुळगुळीत झाले तेव्हा मेस्त्री भरमू म्हणाला, "आण्णा, ह्या मापाचं टायर बेळगावात न्हाय, कोल्हापुरात न्हाय. पण कॅम्पातल्या लिलावात मिल्ट्रीचं मोठं टायर आल्यात. मडगार्ड कापाय लागंल जरा."

"मोठं टायर घातल्यावर काय हुतंय?"

भरमूनं बराच विचार केला. "गाडी उंच हुतीया," तो म्हणाला.

एवढ्यावर पार्श्वनाथनं स्वतः गणित मांडलं. चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात रस्ता जास्त. इंजिन तेच, फेरे तेवढेच, म्हणजे गाडी लवकर पोचणार. त्यानं ते रात्री बायकोला, तारामतीला, समजावून सांगितलं.

"म्हंजे चपाती मोठी लाटली की पीठ कमी लागतंय म्हना की," तारामती म्हणाली.

पार्श्वनाथनं तिच्याकडे दयेनं पाहिलं. (त्याचं गणित अर्धं बरोबर होतं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं हे खरंच. पण ते फिरवायला जोरही जास्त लागतो, हे उरलेलं अर्धं. गाडीला ते चढावर कळतं, आणि कितवा गिअर घ्यावा याबद्दल ती बिचारी गोंधळून जाते. पण त्या दिवशी गाडी सपाट अंगणात उभी होती आणि झकास दिसत होती.)

आता सासूबाईंचं सांगायला हवं. निपाणीच्या धोंडूबाई म्हणजे नेमधर्माची बाई. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पार्श्वनाथच्या लग्नात काय झालं, तर वरातीतले बँडवाले प्रत्येक चौकात रंगात आले, मुहूर्त टळला, आणि पानं मांडली तेव्हा दिवस बुडालेला. मुलीकडची सगळी मंडळी उपाशी झोपली. "मगदुमाच्या दारात अंधार पडल्याशिवाय पान वाढत न्हाईत," असं धोंडूबाई तेव्हा म्हणाल्या आणि त्यानंतर लेकीच्या घरी त्यांनी पाऊल टाकलं नाही. तारामती माहेरी जाऊन रडायची, चिठ्ठ्या पाठवायची, निरोप धाडायची. शेवटी या माघात त्या यायला कबूल झाल्या.

"दिवस मावळायच्या आत माझ्या आईच्या पानात पोळी पडली पायजे," तारामतीनं बजावलं. "न्हाईतर ती पुन्हा ह्या जल्मात येनार न्हाय. तुमी यस्टीनं आणा तिला."

"दारात गाडी असताना यस्टी?" पार्श्वनाथ दुखावला. "सासूबाई म्हंजे काय पार्सल हाय?"

सकाळी तो एकटाच निपाणीला निघाला. मच्छ्याहून निपाणी म्हणजे बराचसा उतार. गाडी अशी काही पळाली की तो खूश झाला. चमत्कार असा, की काटा नेहमीपेक्षा कमी वेग दाखवत होता आणि गावं मात्र भराभर मागं पडत होती. निपाणीत पोचून त्यानं मैलांचा आकडा पाहिला तर तोही कमी. पार्श्वनाथ दोन क्षण गोंधळला. मग त्याला उलगडा झाला. मोठ्या चाकांनी रस्ता आखूड झाला होता!

(काटा आणि आकडा दोन्ही जुन्या चाकांच्या हिशेबानं चालतात. मोठं चाक चोरून जास्त रस्ता चालतं आणि काट्याला सांगत नाही. पण हे त्याला कोण सांगणार?)

रस्ताच आखूड झालाय म्हटल्यावर घाई कसली? संध्याकाळी पुरणपोळी होती म्हणून दुपारी तो ताकभातावर भागवून उठला आणि जरा आडवा झाला. मेहुणा बाहुबली दोनदा हलवायला आला. "थांब रं, पोचतोय की," असं म्हणून पार्श्वनाथनं कूस बदलली. तो उठला तेव्हा धोंडूबाई तासभर पायरीवर तयार होऊन बसल्या होत्या.

गाडी एवढी उंच झाली होती की तंबाखूच्या वखारीतलं बाकडं आणून, त्यावर सासूबाईंना उभं करून, बाहुबलीनं खालून आधार दिला तेव्हा त्या आत पोचल्या. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून त्या बसल्या उजवीकडे. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, लुगडं नेसलेली म्हातारीच गाडी हाकतेय. वेशीवरच्या दोघा-तिघांनी हात जोडले.

निपाणी सुटली की तवंदीचा घाट. गाडी चढाला लागली आणि आचके देऊ लागली. आधी घूं करून जोर काढायची, मग गप्प व्हायची, मग पुन्हा घूं. वरचा गिअर घ्यायची, तो पेलायचा नाही, खालचा घ्यायची, पुन्हा तिला वरचा आठवायचा.

"जावईबापू, ही चाललीय का थांबलीय?"

"चाललीय की."

"मग ते झाड मगाधरनं हितंच कसं?"

पार्श्वनाथनं झाडाकडे पाहिलं. झाड खरंच तिथंच होतं. त्याला काहीच समजेना. सकाळी हीच गाडी, हीच चाकं, हाच रस्ता. फक्त रस्ता आता उलटा होता, पण रस्ता उलटा झाला म्हणून लांब कसा होईल?

कसाबसा घाट संपला, तर पुढं कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या. आता डावीकडे बसणाऱ्याला पुढची गाडी ओलांडायची तर समोरून कोण येतंय ते दिसत नाही. ते उजवीकडच्यानं सांगायचं.

"मामी, जरा बघून सांगा. रस्ता मोकळा हाय काय?"

धोंडूबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "थांबा. ट्रक यायलाय."

ट्रक गेला.

"आता?"

"थांबा. सायकलवाला हाय."

"सायकलवाल्याचं काय एवढं?"

"त्येच्या मागं दूध हाय. सांडलं मंजे?"

दूधवाला गेला. "आता जावा!" धोंडूबाई ओरडल्या. पार्श्वनाथनं पाय दाबला. गाडीनं विचार केला. आणखी थोडा विचार केला. मग ती हळूहळू उसाच्या गाडीच्या बरोबरीला आली, तोवर समोरून यस्टी उगवली, आणि पार्श्वनाथ पुन्हा बैलांच्या मागं. असं किती वेळा झालं कोण जाणे. सगळ्यात मागच्या बैलगाडीवरचा गाडीवान उसाचं कांडं सोलत त्यांच्याकडे बघत होता. शेवटी त्यानं एक कांडं धोंडूबाईंना देऊ केलं.

धोंडूबाईंनी ते घेतलं नाही. त्यांनी उजवा हात खिडकीबाहेर लांब करून पंजा आडवा धरला आणि सूर्य डोंगरापासून किती बोटं वर आहे ते मोजलं.

"सहा बोटं," त्या म्हणाल्या. "तुमच्या लग्नातबी असंच झालतं."

पार्श्वनाथच्या डोळ्यापुढं तारामती दिसली. ती रागावलेली दिसली असती तर एक वेळ चाललं असतं. ती रडत होती.

"जावा!" सासूबाई पुन्हा ओरडल्या. पार्श्वनाथनं गाडी बाहेर काढली, जीव खाऊन पाय दाबला, गाडी पुन्हा विचारात पडली, समोर काहीतरी दिसलं म्हणून त्यानं स्टिअरिंग आत ओढलं, आणि या हिसक्यात तोल जाऊन धोंडूबाईंनी हाताला लागेल ते धरलं. लागला तो दांडा. झिजलेला दांडा खडखडत पार खालच्या खुणेवर गेला.

इंजिननं अशी आरोळी ठोकली की बैल उधळायचेच काय ते राहिले. पार्श्वनाथनं घाबरून स्टिअरिंग पुन्हा बाहेर वळवलं आणि गाडी सुटली! एक बैलगाडी, दुसरी, तिसरी, सगळी रांग मागं पडली. समोरून येणारा एक माणूस सायकलवरून उतरून शेतात उभा राहिला.

पार्श्वनाथला वाटलं, शेवटी गाडीला अक्कल आली. मग त्याचं लक्ष सासूबाईंच्या मुठीकडे गेलं.

"मामी! त्याला हात लावायचा नसतोय! सोडा!"

"सोडलं की पुन्हा बैलामागं व्हय?" धोंडूबाई म्हणाल्या. "मी न्हाय सोडत."

त्यांनी खरंच सोडला नाही. दांडा खाली धरला की गाडीला वरच्या गिअरचा मोहच होत नव्हता, आणि त्या जड चाकांना हवा तो जोर मिळत होता, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. धोंडूबाईंना एवढंच ठाऊक होतं की आपण धरलंय म्हणून चाललंय. संसारातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल त्यांचा हाच अनुभव होता. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. गाडी बोंबलत होती, तापल्या तेलाचा वास येत होता, काटा आपला निवांत खोटं बोलत होता, आणि सासूबाई एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं सूर्य मोजत होत्या.

बेळगावात चौकातल्या पोलिसानं शिट्टी मारली. तो सरळ उजव्या खिडकीशी आला आणि धोंडूबाईंकडे बघत म्हणाला, "लायसन्स तोरसरी."

"नानु अत्ती री!" धोंडूबाई कडाडल्या. मी सासू आहे, लायसन कसलं मागतोस, असं त्यांनी त्याला चांगलं खडसावून कानडीत सांगितलं. दिवस बुडायच्या आत लेकीच्या घरी जेवायचंय, हेही सांगितलं. पोलिसानं एकदा त्यांच्याकडे, एकदा पलीकडे घाम पुसणाऱ्या जावयाकडे पाहिलं आणि बाकीची सगळी वाहनं अडवून यांना वाट करून दिली.

मच्छ्यात गाडी दारात उभी राहिली तेव्हा सूर्य एक बोट वर होता. तारामती ताट घेऊन ओसरीवरच उभी होती. पुरणपोळी, कटाची आमटी, दोडक्याची भाजी. आईला पाहून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"उतर गं आये, लवकर!"

धोंडूबाईंनी दार उघडून खाली पाहिलं. जमीन लांब होती. निपाणीत बाकडं होतं, बाहुबली होता. इथं दोन्ही नव्हतं, आणि गुडघे तर निपाणीपासून तेच होते.

"पेंडीची पोती लावतो," पार्श्वनाथ म्हणाला. "पायरी हुईल."

"जनावराच्या तोंडच्या घासावर पाय दिऊ व्हय?"

"मग शिडी आणतो!" म्हणून पार्श्वनाथ शेजारच्या कल्लाप्पाच्या घराकडे पळाला. कल्लाप्पाची शिडी नेमकी देवाप्पाकडे होती. देवाप्पानं ती झाडाला लावली होती आणि तो स्वतः तिच्यावर होता. "दिवस बुडायलाय, उतर!" म्हणून पार्श्वनाथ खालून ओरडला. दिवस बुडायचा आणि आपल्या उतरण्याचा काय संबंध, हे देवाप्पानं वरूनच विचारलं. ते समजावण्यात आणखी वेळ गेला. शिडी खांद्यावर टाकून पार्श्वनाथ धापा टाकत परत आला, तर अंगणात सावली पडलेली. समोरच्या घराच्या कौलांमागं सूर्य गेला होता.

तो मटकन खालीच बसला. सगळं संपलं, असं त्याला वाटलं. आता सासूबाई कायमच्या गेल्या आणि तारामतीचं माहेर तुटलं, ते चार टायरांपायी.

तेवढ्यात वरून भुरक्याचा आवाज आला.

त्यानं मान वर केली. गाडीत, शिटावर, मायलेकी एका ताटात जेवत होत्या. तारामती पदर खोचून चाकावरून वर चढली होती. दोघींच्या तोंडावर अजून पिवळंधमक ऊन होतं.

"मामी, दिवस मावळला की!"

"तुमचा मावळला," धोंडूबाई घास घेत म्हणाल्या. "हितनं आजून दिसतोय. लई उंच गाडी केलीसा, बरं झालं."

त्यांनी सावकाश शेवटची पोळी संपवली, वर पाणी प्यायल्या, मग खिडकीतून पंजा धरला. "आता गेला," त्या म्हणाल्या आणि शिडीवरून एखाद्या राणीसारख्या खाली उतरल्या. लेकीच्या उंबऱ्यावर पाय ठेवताना त्या हसत होत्या. तारामतीचा चेहरा तर लग्नातही एवढा फुलला नव्हता. पार्श्वनाथला इतका आनंद झाला की कडकडून भूक लागली.

"चला, मलाबी वाढा," हात धुऊन तो म्हणाला.

धोंडूबाईंनी दाराबाहेर बोट दाखवलं.

"आता?" धोंडूबाई म्हणाल्या. "दिवस बुडाल्यावर?"

पार्श्वनाथनं तारामतीकडे पाहिलं. तारामतीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"तुमच्या लग्नात आमी उपाशी झोपलो," धोंडूबाई मायेनं म्हणाल्या. "आज तुमी झोपा. फिटलं सगळं. माजं मन साफ झालं बघा जावईबापू."

पार्श्वनाथ बाहेर आला. अंगणात आता कुणीच नव्हतं. जरा वेळानं तो शिडी चढून गाडीत जाऊन बसला. शिटावर हात ठेवला तर हाताला काहीतरी मऊ लागलं. तूप लावलेला पुरणपोळीचा चांगला मोठा तुकडा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तो हळूच तोंडाजवळ नेला.

"जावईबापू," आतून सासूबाईंची हाक आली, "शिटावर पोळीचा तुकडा ऱ्हायलाय बघा. तेवढा गाईला घाला."

गाय तोवर शिडीपाशी येऊन मान वर करून उभी राहिली होती.