छत्रीवाले ओव्हरसियर

भाषणं सुरू व्हायला पाऊण तास उरला असताना दप्तरींच्या बायकोनं सहज म्हणून त्यांचे कागद चाळले आणि चौथ्या पानावर येताच ती मटकन खुर्चीत बसली.

"अहो, हे काय लिहिलंय?"

"जे घडलं ते."

"'पूल अकराव्या दिवशी पडला, कारण कंत्राटदाराने चुना वाचवून वाळूवर भागवले होते.' हे वाचणार तुम्ही?"

"पुढे पुरावापण आहे. चौकशीचा कागद. त्यावर कंत्राटदाराची सही."

"आणि हा कंत्राटदार कोण?"

"शेठजींचे पणजोबा," दप्तरी म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "हो की."

दप्तरी बावीस वर्षं नगरपालिकेचं जुनं दप्तर सांभाळत होते, म्हणून सगळे त्यांना दप्तरी म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. एखाद्या फायलीला वाळवी लागली की त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे. खोटं बोलणं तर त्यांच्या अंगातच नव्हतं. निघालेल्या पाहुण्याला "बसा की अजून" एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

बायको गावच्या दवाखान्यात परिचारिका होती. दवाखान्याची रुग्णवाहिका ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. गेल्या महिन्यात छातीत कळ आलेले एक गृहस्थ गाडी बंद पडल्यावर स्वतःच खाली उतरून ढकलायला लागले. परत आत बसल्यावर म्हणाले, "आता बरं वाटतंय, घरीच सोडा." त्या दिवशी तिनं ठरवलं, नवी गाडी आणायचीच. त्यासाठीच ही 'आपल्या गावाचा इतिहास' नावाची व्याख्यानांची संध्याकाळ. तिकिटांतून फार तर गाडीची चाकं आली असती. बाकीची गाडी प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे शेठजींच्या, मनावर होती.

"नुसतं 'एका कंत्राटदारानं' असं म्हणा," बायको म्हणाली.

"गावात तेव्हा एकच कंत्राटदार होता."

"मग वाळूच गाळा."

"वाळू गाळली तर पूल पडला कशानं?"

"अहो, पडू द्या की त्याचा तो. तुम्हाला काय करायचंय?"

दप्तरींना रुग्णवाहिका ढकलणारे गृहस्थ आठवले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि चौथ्या पानावर फुली मारली.

शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत शेठजी, शेजारी त्यांची पंच्याऐंशी वर्षांची आत्या, आणि पलीकडे नगरपालिकेचे मुख्याधिकारी. दप्तरींनी पहिली तीन पानं व्यवस्थित वाचली. दगड कुठून आले, किती आले, बैलगाड्या किती लागल्या. मागच्या रांगांत डुलक्या सुरू झाल्या होत्या.

"आणि उद्घाटनानंतर अकराव्या दिवशी पूल पडला. एका गाढवाखेरीज कुणाला इजा झाली नाही." एवढं बोलून त्यांनी घाईघाईनं दोन पानं उलटली.

पहिल्या रांगेतून आत्यांचा हात वर आला. "कशानं पडला?"

"बांधकामात दोष राहिला होता."

"कुणाचा दोष?"

सभागृह एकदम जागं झालं. पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायकोनं डोळे मिटून घेतले. शेठजी सावरून बसले आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. दप्तरींची नजर मदतीसाठी चहूकडे फिरली आणि व्यासपीठाच्या कठड्यावर कुणीतरी अडकवून ठेवलेल्या छत्रीवर थांबली.

"नगरपालिकेच्या ओव्हरसियरचा," ते म्हणाले.

"नाव काय त्याचं?"

"नाव कागदावर नाही. सगळे त्यांना छत्रीवाले ओव्हरसियर म्हणायचे. ऊन असो, ढग असोत, छत्री कायम हातात."

लोक हसले. बावीस वर्षांत दप्तरींच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. त्यांना ते चढलं. ओव्हरसियर छत्रीच्या टोकानं दगड मोजत, हे त्यांनी सांगितलं. दुपारी त्याच छत्रीच्या सावलीत त्यांचा डोळा लागे आणि तेवढ्या वेळात गवंडी चुन्याऐवजी वाळू ओतत, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. जागेवर येऊन बसताना दप्तरींच्या चेहऱ्यावर चोरी पचलेल्या माणसाचं तेज होतं.

ते फार टिकलं नाही. पुढचे वक्ते निवृत्त हेडमास्तर होते. विषय होता शाळेची शंभर वर्षं. गावात आपल्याला ठाऊक नसलेलं काही घडून गेलं असेल, हे हेडमास्तरांना मान्य नव्हतं.

"छत्रीवाल्या ओव्हरसियरांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो," त्यांनी सुरुवात केली. "पूल पडल्यावर त्या माणसानं नोकरीवर लाथ मारली. पश्चात्ताप म्हणून मरेपर्यंत याच शाळेत फुकट गणित शिकवलं. आमच्या गुरुजींचे गुरुजी त्यांच्या हाताखाली शिकलेले. वर्गात वाळू हा शब्द उच्चारला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं."

बायकांच्या रांगेत दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले. दप्तरी लागोपाठ दोन पेले पाणी प्यायले.

शेवटी शेठजी उठले. खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी उलगडला, लोकांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि कागद पुन्हा खिशात घातला.

"मी वेगळंच बोलायला आलो होतो," ते म्हणाले. "पण आता ते बसत नाही. रुग्णवाहिका मी देतो. बस, एवढंच."

टाळ्यांचा कडकडाट चालू असतानाच मागून कुणीतरी ओरडलं, "गाडीला छत्रीवाल्या ओव्हरसियरांचं नाव द्या." हेडमास्तरांनी जागेवरून अनुमोदन दिलं. ठराव पास झाला.

तिसऱ्या दिवशी दप्तरींच्या टेबलावर मुख्याधिकाऱ्यांची चिठ्ठी आली. रुग्णवाहिकेच्या लोकार्पणासाठी छत्रीवाले ओव्हरसियर यांचा सेवापट व छायाचित्र आठ दिवसांत सादर करावे. दप्तरींनी तिच्यावर 'उपलब्ध नाही' असं लिहून ती परत पाठवली. दहा मिनिटांत मुख्याधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं.

"सेवापट गहाळ केलात?"

"गहाळ नाही, साहेब. नव्हताच."

"नगरपालिकेचा माणूस आणि सेवापट नाही?"

"माणूसपण नव्हता, साहेब."

मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "दप्तरी, मी पहिल्या रांगेत होतो. छत्रीच्या टोकानं दगड मोजायचे, हे तुम्हीच सांगितलंत. एवढं बारीक माहीत आहे म्हणजे कागद तुम्ही पाहिलेत. आणि आता कागद नाही. याला काय म्हणतात, ते तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?"

खरं सांगायचं तर मुख्याधिकाऱ्यांचं म्हणणं दप्तरींना पटलंच होतं.

संध्याकाळी नवराबायको शेठजींच्या घरी गेले. "गाडी गेली तरी चालेल, पण यांची झोप उडालीय," असं बायको वाटेत दोनदा म्हणाली. ते ती स्वतःलाच समजावत होती. दप्तरींनी खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. वाळू, सही, चौथं पान, कठड्यावरची छत्री. चौकशीचा कागदही समोर ठेवला.

शेठजींनी आत्याकडे पाहिलं. आत्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि ते हसणं थांबायला बराच वेळ लागला.

शेठजी आत गेले आणि तोच घडीचा कागद घेऊन आले. "ऐका," म्हणाले आणि वाचू लागले. "'गावकऱ्यांनो, तो पूल माझ्या पणजोबांच्या लोभामुळे पडला. आमच्या घराला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. ही रुग्णवाहिका म्हणजे त्या पुलाची परतफेड.' चार दिवस आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं मी."

"मीच पाठीला लागले होते त्याच्या," आत्या म्हणाल्या. "म्हटलं, मरायच्या आधी एकदा हे चारचौघांत बोललेलं ऐकू दे. म्हणून मुद्दाम तुम्हाला विचारलं, कुणाचा दोष. तुम्ही कागदपत्रांचा माणूस. तुमच्या तोंडून निघालं की याला पुढचं सोपं जाईल. तर तुम्ही भलताच माणूस आणून उभा केलात."

बायकोनं हळूच विचारलं, "म्हणजे खरं सांगितलं असतं, तरी गाडी मिळाली असती?"

"खरं सांगितल्यावरच मिळणार होती," शेठजी म्हणाले. "ते राहिलं, म्हणून नुसतीच द्यावी लागली."

चहा घेता घेता चौघांचं ठरलं. लोकार्पणाच्या दिवशी सगळं सांगून मोकळं व्हायचं.

त्याप्रमाणे दवाखान्याच्या पटांगणात, नव्याकोऱ्या गाडीसमोर शेठजींनी कागद वाचला. दप्तरींनी चौकशीचा अहवाल उंच धरला. छत्रीवाले ओव्हरसियर आपण व्यासपीठावर उभ्या उभ्या रचले, असा माणूस नगरपालिकेत कधीच नव्हता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून तिसऱ्यांदाही सांगितलं.

मग हेडमास्तर उठले. त्यांचा आवाज जड झाला होता.

"एका गरीब माणसावरचा डाग पुसायचा म्हणून शेठजी स्वतःच्या पणजोबांना पुढे करतायत. आणि त्यांना साथ द्यायला आमचे दप्तरी, जे जन्मात कधी खोटं बोललेले नाहीत, ते स्वतःला खोटारडे म्हणवून घेतायत. असं मोठं मन मी तरी कुठे पाहिलं नाही."

"अहो, पण ही सही बघा," दप्तरी म्हणाले.

"बघायची गरज नाही," हेडमास्तर म्हणाले. "तुमचा शब्द आम्हाला पुरेसा आहे."

सगळं पटांगण उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दप्तरी आणखी काहीतरी बोलत होते, त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. शेठजी पुन्हा ध्वनिवर्धकाकडे निघाले, तेव्हा आत्यांनी त्यांच्या कोटाची कड धरून खाली ओढलं. "बस आता. आणखी बोललास तर तुझाच पुतळा उभारतील."

दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिका पहिला रोगी घेऊन निघाली. पहिल्या किल्लीला सुरू झाली. बायकोनं दवाखान्याच्या दारातून हे पाहिलं आणि ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

त्याच वेळी दप्तरींच्या टेबलावर नोटीस येऊन पडली होती. छत्रीवाले ओव्हरसियर यांचा सेवापट गहाळ झाल्याबद्दल आपणास जबाबदार का धरू नये, याचा लेखी खुलासा करावा. खाली मुख्याधिकाऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, 'कालच्या भाषणाने मन भरून आले. परंतु कागद तो कागद.'

दप्तरींनी कोरा कागद घेतला आणि एक ओळ लिहिली, 'सदर इसम अस्तित्वात नव्हता.' मग ती वाचून पाहिली आणि कागद फाडून टाकला. दुसरा घेतला, तोही फाडला. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी त्यांनी मान खाली घालून तीनच शब्द लिहिले, सही केली, तारीख घातली आणि शिपायाच्या हाती कागद साहेबांकडे पाठवून दिला.

'शोध चालू आहे.'