ब्रेकताईचा पाचवा महिना

पाचवा महिना लागला तशी ब्रेकताईची सीट मागे सरकू लागली. आधी एक खाच, मग दुसरी. पोट आणि डॅशबोर्ड यांच्यात रोज वाटाघाटी व्हायच्या आणि रोज पोटाचंच म्हणणं खरं व्हायचं.

ब्रेकताई हे नाव तिच्या विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बाकीचे शिक्षक तो घाबरून दाबत आणि शिकणाऱ्याचं कपाळ काचेपर्यंत नेऊन आणत. ताई मात्र इतक्या अलगद दाबायची की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. त्यामुळे जे कोणाच्या हाताखाली टिकत नसत ते शेवटी तिच्याकडे येत.

पहिले तीन महिने तिने उलट्या काढत काढत शिकवलं होतं. आता मळमळ थांबली होती, भूक वाढली होती, अंगात जोर आला होता, आणि नेमकं आत्ताच सगळ्यांनी तिला बसवायचं ठरवलं होतं.

"आता पुरे झालं," सासूबाई रोज सकाळी म्हणायच्या. "लोकांच्या गाडीत बसून धक्के खायचे दिवस आहेत का हे? घरी बस. पाय वर घेऊन बस."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काम केलं तर चालेल."

"त्यांचं काय जातं म्हणायला?"

स्कूलचे मालक तर त्याहून पुढे गेले होते. त्यांनी ऑफिसात फोनशेजारी एक गादीची खुर्ची आणून ठेवली होती. "ताई, तुमच्यासाठीच घेतलीय. बसून फोन घ्यायचे. एक जरी गडबड झाली ना, तर त्याच दिवसापासून तुम्ही या खुर्चीत."

"गडबड होणार नाही," ताई म्हणाली आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली.

तिच्या मनात मात्र एक काळजी होती आणि ती खुर्चीची नव्हती. बाळ अजून हललं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पहिली खेप आहे, कोणाला लवकर कळतं, कोणाला उशिरा. ताई रोज पोटावर हात ठेवून वाट बघायची. आतून काही उत्तर यायचं नाही. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर सासूबाईंनी दाराला कडीच घातली असती.

त्या दिवशी सकाळी तिच्या गाडीत होते दाताचे डॉक्टर. माणूस लोकांच्या अक्कलदाढा हसत हसत उपटायचा, पण स्टिअरिंग हातात आलं की त्याच्याच तोंडाला कोरड पडायची. परीक्षेत दोनदा नापास झाले होते. दुसऱ्या गिअरच्या पुढे ते कधी गेले नव्हते आणि जाण्याची त्यांची इच्छाही दिसत नव्हती.

ताईने पाठीशी उशी घेतली आणि सीट आणखी एक खाच मागे ढकलली. पाय ब्रेकपर्यंत पोचत होता. खरं म्हणजे फक्त टेकत होता. ही गोष्टही तिने कोणाला सांगितली नाही.

"आज चढावर गाडी उचलायची," ती म्हणाली. "हँडब्रेक ओढा. आता क्लच हळूहळू सोडा. गाडी थरथरली की थांबा."

"मीच थरथरतोय. गाडीचं कसं कळणार?"

"तुम्ही आधीपासून थरथरताय. गाडी आत्ता सुरू करेल."

आणि गाडी थरथरली. त्याच क्षणी ताईला पोटात डाव्या बाजूला आतून कोणीतरी टिचकी मारली. ती दचकली. मग लगेच दुसरी बसली, आणि ही टिचकी नव्हती, चांगली ठसठशीत लाथ होती.

"आई गं," ताई म्हणाली. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिला सांगायचं होतं की घाबरू नका, सगळं छान आहे. पण घशातून शब्दच फुटेना.

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग हँडब्रेक सोडला, चढ एका दमात पार केला आणि गाडी हमरस्त्याला घातली.

"हॉस्पिटल कुठंय?" त्यांनी विचारलं.

"अहो, थांबा. मला काही झालेलं नाही," ताईला आता आवाज फुटला.

"सगळे असंच म्हणतात. माझे पेशंट तर खुर्चीतून पळून जाताना म्हणतात."

"तुम्ही डॉक्टर ना? तुम्हाला कळत नाही?"

"मी दाताचा आहे ताई. तिथं दात नाहीत."

ताईने ब्रेककडे पाय नेला. तो टेकला, पण दाबला जाईना. पुढे सरकावं तर पट्टा ओढून धरी, पट्टा सैल करावा तर उशी मध्ये येई. तेवढ्यात डॉक्टरांनी तिसरा गिअर टाकला. आवाज न करता. मग चौथा. ताईने गेले कित्येक आठवडे ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा केला होता, ती गोष्ट हा माणूस लोण्यातून सुरी फिरवावी तशी करत होता.

आता याला अडवावं की शिकवावं, असा प्रश्न होता. ब्रेक हाताशी नसेल तर शिकवणंच भाग होतं.

"आरसा बघा," ती म्हणाली. "इंडिकेटर द्या. पुढच्या ट्रकला चिकटू नका. सिग्नलला क्लच, ब्रेक, न्यूट्रल. शाबास."

"दुखतंय का?"

"नाही. डावीकडे घ्या आता. हॉस्पिटल आलं."

डॉक्टरांनी गाडी थेट अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारात उभी केली आणि किल्ली तशीच ठेवून आत धावले. पाठोपाठ चाकांची खुर्ची आली. ताई म्हणाली, मी चालत येते. नर्स म्हणाली, बसा. ताई म्हणाली, मला फक्त लाथ बसली. नर्सने डॉक्टरांकडे असं काही पाहिलं की ते दोन पावलं मागे सरकले.

"बाळाची," ते घाईघाईने म्हणाले. "बाळानं मारली."

"मिस्टरांनी बाहेर थांबायचं," नर्स म्हणाली आणि खुर्ची आत घेऊन गेली. आपण मिस्टर नाही हे सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण दार बंद झालं होतं.

इकडे अ‍ॅम्ब्युलन्सची वाट अडली म्हणून वॉचमनने गाडीच्या टपावरच्या पाटीवरचा नंबर फिरवला. "तुमची गाडी हॉस्पिटलच्या दारात आहे," एवढंच तो म्हणाला. मालकांनी त्याचा अर्थ लावला, गाडी आपटली. त्यांनी ताईच्या घरी फोन केला. सासूबाईंनी त्याचा अर्थ लावला, सून आपटली. ताईचा नवरा कामासाठी बाहेरगावी गेलेला, सासरे आता हयात नव्हते. त्यांच्या घरची गाडी दाराशी उभी होती, पण ती चालवणार कोण? शेवटी मालक स्वतः सासूबाईंना घ्यायला आले.

सासूबाई हॉस्पिटलात शिरल्या त्या नर्सवरच आदळल्या. "माझी सून कुठंय?"

"आत आहे. काळजी करू नका, तिचे मिस्टर इथंच बसलेत."

सासूबाईंनी बाकावर बसलेल्या, घामाने निथळणाऱ्या, टक्कल पडलेल्या गृहस्थाकडे नीट पाहिलं. "हा माझा मुलगा नाही," त्या म्हणाल्या.

"मी दाताचा डॉक्टर," गृहस्थ उभे राहून म्हणाले.

"दाताचं काय झालं तिच्या?"

हा गुंता सुटेपर्यंत ताईच बाहेर आली, चालत. मागून डॉक्टरीणबाई. "बाळ छान आहे. हातपाय झाडतंय. तपासताना मलाही एक लाथ मिळाली."

सासूबाई मटकन बाकावर बसल्या. मग त्यांनी सुनेला जवळ ओढून तिच्या पोटावर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांचा हात किंचित उडाला आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

मालक घसा खाकरून म्हणाले, "ताई, मी काय म्हटलं होतं? गडबड झाली. आता खुर्चीत बसायचं."

ताईला गप्प बसता आलं असतं. पण ती म्हणाली, "गडबड माझी आहे. सीट मागे घेतल्यामुळे माझा पाय ब्रेकवर नीट पोचत नव्हता आणि मी ते लपवलं. पेडलवर ठोकळा बसवून घ्या, म्हणजे पोचेल. पण मी खुर्चीत बसणार नाही."

"ठोकळा वगैरे काही नाही. खुर्ची."

"पण आज मी चौथ्या गिअरमध्ये होतो," दाताचे डॉक्टर मध्येच म्हणाले. हे त्यांना आत्ताच उमगलेलं दिसत होतं. ते पुन्हा खाली बसले.

मालकांनी मदतीसाठी सासूबाईंकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा हिला."

"सांगते," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी तुम्हाला. मला आणताना तुम्ही गाडी काय वेगानं चालवलीत? हातगाडी आपल्याला मागं टाकून गेली. आज काही नव्हतं म्हणून निभावलं. उद्या खरंच कळा सुरू झाल्या आणि मुलगा बाहेरगावी असला तर? मी तुमची वाट बघत बसू?"

"मग काय करायचं म्हणता?"

"मी शिकणार गाडी. नववा महिना लागायच्या आत."

मालकांना वाटलं, विषय बदलला. "हो, हो, शिकवू की. आपल्याकडे चांगले शिक्षक आहेत."

"दुसरं कोणी नको. हिच्याच हाताखाली शिकणार. यांच्यासारख्या माणसाला हिनं इथवर आणलं," त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. "तुमच्या त्या खुर्चीत तुम्ही बसा आणि तो ठोकळा आजच बसवा."

ठोकळा त्याच संध्याकाळी बसला.

पहिल्या शिकवणीला सासूबाई पदर खोचून आल्या. सीटवर बसल्या, आरसा आपल्या चेहऱ्याकडे वळवला, आणि कोणी काही सांगायच्या आत गिअरचा दांडा एकदा चारी दिशांना फिरवून घेतला.

"आई, दांड्याला हात लावू नका. आधी पट्टा."

"मला सांगू नकोस. तीस वर्षं मुलाच्या बापाच्या शेजारी बसलेय मी."

"शेजारी बसलात. इथं नाही."

"तोंड वर करून बोलतेस माझ्याशी?"

"आई," ताई शांतपणे म्हणाली, "घरी तुम्ही म्हणाल ते. गाडीत मी म्हणेन ते. पटत नसेल तर दुसरे शिक्षक आहेत."

मागून एक हॉर्न वाजला, मग आणखी एक. सासूबाईंनी पट्टा लावला, आरसा सरळ केला आणि समोर बघत म्हणाल्या, "बरं बाई. सांगा, काय करू?"

लग्न झाल्यापासून त्यांनी सुनेला पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं. ताईला इतकं बरं वाटलं की गिअर कुठला पडलाय ते बघायचंच राहून गेलं.

"क्लच हळूच सोडा," ती म्हणाली.

सासूबाईंनी अगदी सांगितल्याप्रमाणे, अलगद क्लच सोडला आणि गाडी झोकात निघाली, मागच्या मागे.