जाधव भाऊसाहेबांची गणपूर्ती

जाधव भाऊसाहेबांकडे गेलं की ते आधी विचारायचे, "तुमच्यातला कोण आलाय आज?"

मी पोलादपूरच्या पंचायत समितीत कारकून, ते ग्रामसेवक, आणि आमच्या दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत. पहिल्या दिवशी मी बावळटासारखं "एकटाच आलोय" म्हणालो. त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "एकटा कोण नसतो," असं म्हणून त्यांनी स्टोव्हवर चांगलं सहा-सात कपांचं आधण ठेवलं.

त्याचं असं झालं. बायको वारल्यावर भाऊसाहेबांची झोप उडाली, छाती धडधडायला लागली. महाडच्या डॉक्टरांना छातीत काही सापडेना, तेव्हा कुणीतरी त्यांना दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला धाडलं. तिथे भंतेजींनी सांगितलं, "मनात जो येईल त्याला हाकलू नका. ओळख करून घ्या, मैत्रीने निरोप द्या." बाकीच्यांनी हे डोळे मिटून केलं असेल. आमच्या ग्रामसेवकांनी हजेरीपुस्तकच काढलं.

रोज संध्याकाळी त्रिशरण, पंचशील, अर्धा तास ध्यान, आणि मग मनातल्या मंडळींची सभा. गावच्या जमीनदारासारखा रागावणारा तो खोत. दुसऱ्याच्या चुका काढणारा तो विस्तार अधिकारी. आयतं खाऊन लोळणारा पाहुणा. मुंबईच्या बढाया मारणारा चाकरमानी. तो बोलायला लागला की भाऊसाहेबांच्या तोंडून "डोन्ट वरी, हम देख लेगा" असं बाहेर पडायचं. पाचवा अंग चोरून बसणारा, त्याला नुसतं 'कोपऱ्यातला' म्हणायचे, आणि सहावे स्वतः भाऊसाहेब, सचिव. सभेला रीतसर इतिवृत्त. एकदा मी चोरून वाचलं: 'विस्तार अधिकारी यांनी जेवताना बोलू नये. चर्चेअंती मंजूर.' त्यांची मुलगी सुजाता तेव्हा शाळेत होती. आई नसलेली ती पोर रोज न हसता सहा कप मांडायची, आणि बाप एकेक करून ते सगळे प्यायचा.

एसटीतही तोच प्रकार. खिडकीतून एका जागेवर रुमाल, दुसऱ्या जागेवर टोपी, तिसरीवर छत्री. "इथं कोण बसलंय?" टोपीकडे बोट दाखवून कंडक्टर खेकसला. "खोत," भाऊसाहेब म्हणाले. कंडक्टर दबकला आणि महाडपर्यंत त्या टोपीशेजारी कुणाला बसू दिलं नाही.

मी हसायचो, पण एकदा माझं आणि बायकोचं कडाक्याचं वाजलं. भिंतीपलीकडून भाऊसाहेब आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमचा खोत नि वहिनींचा खोत भांडतायत. त्यांचं चालू द्या. तुम्ही दोघं जेवून घ्या." आम्ही जेवलो. तेव्हापासून मी त्या सभेची थट्टा जरा कमी केली.

पुढे सुजाताने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, कारखान्यात कामाला असलेल्या मुलाशी, आणि ती बिरवाडीला राहायला गेली. भाऊसाहेब लग्नाला गेले नाहीत. सहा वर्षं झाली. पोलादपूर ते बिरवाडी, म्हटलं तर परसात. सगळे म्हणायचे, म्हातारा रागावलाय. मलाही तसंच वाटायचं. मग तिला मुलगी झाल्याची बातमी आली, आणि मी विचारलंच, "अजून खोत आडवा येतोय का हो?"

त्यांनी इतिवृत्त पुढे केलं. 'सुजाताकडे जाणे' हा ठराव पानोपान होता, आणि प्रत्येक पानावर शेरा: गणपूर्तीअभावी तहकूब. सहांतला एक जरी गैरहजर असला तरी भाऊसाहेबांची गणपूर्ती होत नसे.

"खोत कधीचा तयार हाय," भाऊसाहेब म्हणाले. "चाकरमानी तर खाऊची पिशवी भरून बसलाय. हा कोपऱ्यातला येत नाय सभेला. लग्नाच्या आदल्या दिवशी शेवटचा आला. 'आधी नको म्हटलं, आता मी दारात गेलो नि तिने दार नाय उघडलं तर?' एवढं बोलला नि गेला."

"मग त्याच्याशिवाय घ्या की. तहकूब सभेला कुठे लागते गणपूर्ती? गावात तुम्हीच सांगता."

"गावात सांगतो. पण भंतेजींनी हाकलू नका म्हटलंय. भ्यालेल्याला मागे टाकून जायचं म्हणजे हाकलणंच झालं."

मी कारकुनासारखं विचारलं. "एखादी वाडी सभेला येत नसली तर तुम्ही काय करता?"

"सभा वाडीवर नेतो."

"मग याची वाडी कुठली?"

भाऊसाहेबांनी वही मिटली. "बिरवाडीलाच असेल," ते हळूच म्हणाले. "सुजीच्या पायरीवर बसलाय तो. सहा वर्षं तिथंच बसलाय. इकडे येणार कसा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभेची नोटीस काढली. ठिकाण: बिरवाडी. एक माहितगार कर्मचारी म्हणून मला सोबत नेलं.

सुजाताच्या दारापाशी भाऊसाहेब थांबले, पायरीवर वाकले आणि तिथल्या रिकाम्या जागेशी काहीतरी पुटपुटले. मग बाजूला सरकून कुणाला तरी पुढे केलं आणि कडी वाजवली.

सुजाताने दार उघडलं. खांद्यावर बाळ होतं. तिने बापाकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, जणू अजून माणसं यायची आहेत.

"आबा, सगळे आलात?"

"सगळे. कोपऱ्यातला पण आलाय गो."

तिने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि ती आत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यातला कोण रडतोय ते विचारायला भाऊसाहेब मोकळे नव्हते. ते बाळाला सभासदांची ओळख करून देत होते.

सुजाताने चहा आणला आणि आबांपुढे एका ओळीत कप मांडले. घरात कप सहाच होते. मी वाटीतून प्यालो.