टिटवीपायी आखाडा सोडिला, ती हकीकत

वैशाख मास, ऊन बहुत, विहिरी तळास गेलेल्या, ऐसे समयी भोकरदनच्या मुलखात एका पांदणीत जे रण माजले, ते डोळां देखिले तितुके लिहिले आहे. पदरचे घातले नाही, कोणाचे भय धरून गाळिले नाही. वाचणारांनी सावकाश वाचावे.

राजश्री भुजंगराव, उमर बाहत्तर, सहा एकर काळ्या जमिनीचे खावंद, दर वैशाखात गावापासून आपल्या आखाड्यापर्यंत एक मोहीम काढीत. आखाडा म्हणजे शेतातली पत्र्याची खोली, शेजारी विहीर आणि गुरांचा गोठा. अंतर पाऊण कोस. मोहिमेचा हेतू आखाडा घेणे हा नव्हे, तो वडिलांपासून ताब्यातच होता. हेतू हा की वाटेवरील झाडझुडूप, पाखरू, किडामुंगी पाहत जावे, त्यांजकडून येत्या पावसाची बातमी काढावी आणि त्या बातमीवर कपाशी लावावी की बाजरी पेरावी हे मुक्रर करावे. मोबाइलातील हवामान खात्यास रावसाहेब फितूर समजत.

त्या दिवशी सकाळी आठास कूच जाहले. सोबत कुटुंब उषाबाईसाहेब, डोईवर भाकरीचे गाठोडे, हाती पाण्याची कॅन. प्रथम बहाव्याची भेट जाहली. तो नखशिखांत पिवळा पोशाख करून उभा होता आणि त्याने पाऊस वेळेवर निघाल्याची खबर दिली. मग बाभळीवरील कावळ्याचे ठाणे पाहिले, ते फांद्यांच्या ऐन मध्यावर बांधलेले, म्हणजे वादळाचे भय थोडे. मग तारेवर चास पक्षी बसला होता, त्याने रावांचा मुजरा घेतला न घेतला आणि नाकतोडा धरून निघून गेला, त्याचे म्हणणे कळले नाही. तरी रावांची स्वारी खुश. कपाशीच, ऐसा मनसुबा जवळपास पक्का जाहला.

आणि मग पांदण अरुंद होते, दोहों अंगांस बोराटीचे काटे, तेथे गाडीच्या चाकोरीत, ऐन खोलगट जागी, टिटवीची अंडी दिसली. अंडी चार, मातकट, वर काळे शिंतोडे. टिटवीबाई आकाशी चढून ओरडू लागल्या आणि रावांच्या टोपीवर तीन वेळा चालून आल्या. रावांनी टोपी राखिली, परंतु तोंडावरचा रंग गेला. कारण की टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस दांडगा आणि खोलात घातली तर पावसाची ओढ, हा त्या मुलखाचा जुना कायदा, आणि या चाकोरीहून खोल जागा त्या वाटेवर दुसरी नव्हती.

इतक्यात मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. इमरान शेख, उमर पस्तीस, शेणखताची भरलेली ट्रॉली घेऊन याच वाटेने आखाड्याकडे निघाला होता, आणि तो रावांच्याच हुकुमाने.

तेव्हा रावांनी एकट्यानेच खलबत केले आणि फर्माविले की अंडी उचलून बांधावर उंच जागी ठेवावी. तेणेकरून अंडी वाचतील आणि पाऊसही वाढेल.

उषाबाईसाहेब बोलिल्या, "अहो, ती अंडी घालून पाऊस सांगती. तुम्ही तिच्याकडून वदवून घेऊन राह्यले. पोलीस हायेत का तुम्ही?"

रावांनी ऐकिले नाही. उपरण्यात अंडी घेतली, दहा पावलांवर बांधावर खडे रचून गादी मांडिली आणि अंडी स्थापिली. इमरानास हात करून इंजन बंद करविले आणि मग तिघेही दूर बाभळीखाली बसले.

टिटवीबाई उतरल्या. चालत, थांबत, मान ताठ. बांधाकडे न पाहता थेट चाकोरीत गेल्या आणि रिकाम्या जागी अंग फुगवून बसल्या. खाली काही लागेना तेव्हा उठून एक खडा चोचीने पोटाखाली ओढिला आणि पुन्हा बसल्या. तिकडे चार अंडी उघड्या उन्हात. दगडास हात लाविता भाजत होते. आणखी घटकाभराने आतले जीव जाणार, हे तिघांसही दिसत होते.

"येईल की बांधावर," राव बोलिले. "बघंल अंडी."

"मंग तुमच्या खाटंवर बी जाऊन बसंल, टोपी घालून."

"काका, जल्दी ठरवा," इमरान बोलिला. "दोन खेपा बाकी हायेत."

पेच कठीण पडला. अंडी बांधावर ठेविली तर मरतात, खाली नेली तर ओढीचा पाऊस आपल्याच हाताने खोलात मांडावा लागतो. या कायद्यावर राव पन्नास वर्षे पेरीत आले होते. ते उठून बांधावर गेले. मग खाली बसले आणि उपरणे पसरिले.

तीन अंडी स्वहस्ते चाकोरीत ठेविली. चौथे उषाबाईसाहेबांनी ठेविले. मग रावांनी इमरानास माघारीचा हुकूम दिला.

"रिव्हर्स? भरेल ट्रॉली? ह्या बोळीतून?"

"बिलकुल."

"काका, त्या पाखरालाच सांगा ना, घर बदल म्हणावं."

"सांगून पाह्यलं बाबा. न्हाई ऐकलं."

मग दोन फर्लांगांची जी माघार जाहली, तैसी त्या पांदणीने देखिली नाही. ट्रॅक्टर डावीकडे वळवावा तो ट्रॉली उजवीकडे जाय, बोराटीने इमरानाची बाही घेतली, खत तीन ठिकाणी सांडले आणि राव मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे, आरं थांब!" ऐसे ओरडत होते. दीड घटकेने ट्रॅक्टर मोकळ्यावर निघाला. पांदणीत सामसूम जाहली. टिटवीबाई जवळच्या ओढ्यातील डबक्यास जाऊन पोटाची पिसे भिजवून आल्या, अंड्यांवर उभ्या राहून पाणी निथळू दिले आणि मग हळूच खाली टेकल्या.

"बसली," उषाबाईसाहेब बोलिल्या.

"बसू द्या."

येणेप्रमाणे वैशाख वद्य पंचमीस, दोन प्रहरी, पांदणीची लढाई फत्ते जाहली. अंडी चार साबूत. पिले निघून जात तोवर या वाटेने चाक, बैल वा माणूस जाऊ नये, ऐसा हुकूम सुटला. आखाड्याचे ठाणे त्या दिवशी धन्यास मिळाले नाही, भाकरी बाभळीखालीच खाल्ली. पाऊस ओढीचा ठरून कपाशीचा बेत मोडिला आणि बाजरी मुक्रर जाहली. इतक्या नुकसानीचा विजय या घराण्यात पूर्वी कोणी मिळविल्याचे ऐकिवात नाही.