अर्ध्या शहाण्याची कावळीवरील मोहीम

श्री वास्तुदेवता प्रसन्न. बोईसर मुक्कामी आमच्या सोसायटीत कावळीची मोहीम झाली, तिचे वर्तमान लोक तिखटमीठ लावून सांगतात, सबब खरी हकीकत लिहिली असे.

कट्ट्यावर चौघे निवृत्त सरदार नित्य दरबार भरवीत. नरहरीपंत, ललितराव आणि मेहुलभाई हे तीन पुरे शहाणे, आणि कारखान्यास्तव साताऱ्याकडून आलेले भगवंतराव ते अर्धे, ऐसी साडेतीन शहाण्यांची पदवी रहिवाशांनी दिधली होती. भगवंतरावांची नात मोनाली हिने अर्थ पुसिला. आजोबांनी फर्माविले की, पेशवाईत म्हणे तिघे मसलतीत आणि तलवारीत दोहींत पुरे, चौथा मसलतीत पुरा परंतु तलवारीत उणा, म्हणोन अर्धा. पोर बोलली, "म्हणजे तुम्ही भित्रे?" घाव काळजास लागला. भगवंतरावांस अन्न गोड लागेना.

मग वैशाखात गच्चीलगतच्या आंब्यावर कावळीने घरटे बांधिले आणि जो वर जाई त्याचे टाळके फोडू लागली. गच्चीवरील एक टाकी सरली, दुसरीचा कॉक फिरवावा कोणी? नळ कोरडे पडले, आणि भगवंतरावांच्या कुटुंब नर्मदाबाई यांचे डोईस शाम्पूचा फेस तैसाच राहिला. तिघे पुरे शहाणे छत्री, झाडू आणि हेल्मेट घेऊन चालून गेले आणि शिकस्त खाऊन जिना उतरले. वॉचमन झिपरू बोलला, "अंड्यांवर बसलीय ती. मारून हटायची नाय."

तेव्हा भगवंतराव उठले. न्हाणीतून हुकूम सुटला, "अहो, गप बसा! डोळा फोडील!" तो हुकूम जन्मात प्रथमच मोडिला आणि केळीच्या पानावर दहीभात घेऊन निःशस्त्र वर गेले. पायरीगणिक रामनाम घेत होते, आम्ही डोळां पाहिले, खोटे का लिहावे! दहाव्याचे पिंडास कावळा शिवेना, की मयताची इच्छा ओळखून शब्द द्यावा, हा दस्तूर त्यांस ठाऊक. पान कठड्यावर ठेविले, हात जोडिले आणि बोलले, "बाई, पिल्ले उडेपर्यंत आंब्यास कोणी हात लावणार नाही. माझा शब्द." कावळीने मान वाकडी करून पाहिले, मग उतरून भातास शिवली. इकडे भगवंतरावांनी कॉक फिरविला.

नळ वाहते जाहले. रहिवाशांनी भगवंतरावांस पुरे शहाणपण बहाल करण्याचा ठराव आणिला. त्यांनी नामंजूर केला, की तलवारीवाचून काम होते तर तिचा हव्यास कशास? मोनाली अंगणात पोरांस ठसक्यात सांगते, "माझे आजोबा अर्धे आहेत!"

पिल्ले उडेपर्यंत रोज दहीभात नेण्याची चाकरी तिघा पुऱ्या शहाण्यांस लागली. ते जिन्यात उभे राहतात आणि पान अर्ध्याचे हाती देतात. मोहीम फत्ते जाहली, ती येथे नमूद असे.