घरी राहण्याचा विमा

विमा काढायचा नाही, असं मी भूपेशला तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा त्याने फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. चहा आला की माझा नकार विरघळतो. (साखरेआधी.)

भूपेश आमच्या सिरोंच्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ही नवीन अपघात विमा योजना आली आणि फॉर्म भरून घ्यायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हापासून तो सगळ्यांच्या हातापायांकडे फार प्रेमाने बघायला लागला होता.

"डोमाभाऊ, तुमी उद्या पडले, हातपाय मोडला, त महिना-दोन महिने घरी बसा लागते. तुमची रजा त एक नाई शिल्लक. पगार कोण देईन? हे विमावाले देतीन."

रजा शिल्लक नव्हती हे खरं. माझी बायको गोकुळा ब्रह्मपुरीला शाळेत शिक्षिका आहे, आणि मी सिरोंच्यात कारकून. मधे अडीचशेहून जास्त किलोमीटर, अर्ध्याहून अधिक जंगल. चार वर्षं बदलीचे अर्ज करतोय. मुलगी आचल बारावीत होती, मग नागपूरला होस्टेलला गेली. आधी तिचा अभ्यास, मग तिचं सुट्टीला घरी येणं, यात गोकुळाला इकडे कधी येता आलं नाही. म्हणून मीच जायचो. शनिवार-रविवारला एक-दोन रजा जोडायच्या, जाताना एक दिवस, येताना एक दिवस, आणि मधे गोकुळाच्या हातचं दोन वेळचं जेवण. साऱ्या रजा अशा रस्त्यावर सांडल्या.

सही करणार तेवढ्यात एक ओळ दिसली. 'अपघातानंतर कर्मचाऱ्याने घरी, कुटुंबीयांच्या देखरेखीखाली पूर्ण विश्रांती घ्यावी.'

ती ओळ मी दोनदा वाचली. पगारासकट, कायद्याने, घरी! लग्न ठरल्यावर गोकुळाचं पहिलं पत्र आलं होतं, तेही मी इतकं सावकाश वाचलं नव्हतं. सही केली.

मुद्दाम पडलो नाही, हे शपथेवर सांगतो. (पायऱ्या उतरताना थोडी आशा असायची, एवढंच.) पण एका सोमवारी कपाटावरची जुनी फाईल काढायला स्टुलावर चढलो, आणि स्टूल, फाईल, मोबाईल आणि मी, चौघंही एकदम खाली आलो. मोबाईल जागीच गेला. माझा घोटा मोडला.

"सहा आठवडे प्लास्टर," डॉक्टर म्हणाले.

"सहाच?" मी म्हटलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि डोक्याला मार लागलाय का ते तपासलं.

भूपेशने त्याच दिवशी क्लेमचा कागद पाठवला. मी त्याला बजावलं, "गोकुळाले सांगू नको, उगीच घाबरन." तो म्हणाला, "माया तोंडून शब्द नाई निघणार." आणि मग मी ठरवलं, की तिला चकित करायचं. मंगळवारी उजाडताच गावातल्या पोचूच्या भाड्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर पाय आडवा टाकून निघालो. आलापल्लीच्या पुढे समोरून एसटी आली. पोचूने जीप कडेला घेतली, एसटी धूळ उडवत सिरोंच्याकडे गेली, आणि मी त्या धुळीत डोळे मिटून गोकुळाचा चेहरा कसा होईल याचं चित्र रंगवत होतो.

दुपार कलताना ब्रह्मपुरीला पोचलो, तर दाराला कुलूप.

शेजारच्या गुणाबाई बाहेर आल्या. "अवो भाऊ! तुमी इथी कसे? बाई त सकाळीच तुमच्याकडे गेली. तुमच्या ऑफिसातून फोन आलता ना!"

(भूपेशच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. सगळं भाषणच निघालं होतं.)

गुणाबाईंच्या फोनवरून गोकुळाला लावला.

"तुमी कुठी आहा?" ती ओरडली.

"घरी."

"घरी मी आहो! घरमालकिणीनं कुलूप उघडून देलं. इथी तुमी नाई!"

"मी आपल्या घरी आहो, ब्रह्मपुरीले."

"मोडल्या पायानं?"

"तुले भेटाले आलो."

"मी बी तुमालेच भेटाले आली ना जी." आवाज जरा ओला वाटला. पण लगेच बदलला. "बरं, इथी दोन कप काऊन ठेवले? दोन्ही वापरातले दिसून राह्यले. कोण येते?"

"कोणी नाई."

"मंग दुसऱ्या कपात चहा कोण पिते?"

आता काय सांगणार? रोज संध्याकाळी सवयीने हात दोन कपांचा चहा ठेवतो. समोर दुसरा कप असला की खोली जरा भरल्यासारखी वाटते. "दोन्ही मीच पितो," मी म्हटलं.

"म्हणून ॲसिडिटी होते तुमाले," ती म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

ठरलं की मी हलायचं नाही, तीच परत येणार. पण बुधवारी सकाळी, ती पिशवी भरत असतानाच, विमा कंपनीच्या दिव्यानी मॅडम पाहणीला हजर! (वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कोणी दोन दिवसांत येईल, ही कल्पनाच शिवत नाही.) तो संवाद गोकुळाने मला नंतर ऐकवला.

"पेशंट कुठे आहेत?"

"ब्रह्मपुरीले."

"दवाखान्यात?"

"नाई, घरी."

"मग हे घर कोणाचं?"

"त्याईचंच."

"आणि तुम्ही?"

"मी बायको. सेवा कराले आली."

"कोणाची?"

यावर गोकुळाने गुणाबाईंचा नंबर लावून फोन मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी मला फोनवर सुनावलं, "एवढा प्रवास करणारा माणूस ऑफिसात खुर्चीवर बसू शकतो. घर म्हणजे तुम्ही फॉर्मवर लिहिलेला पत्ता. शुक्रवारपर्यंत तिथे दिसा."

फॉर्मवर मी सिरोंच्याची खोली लिहिली होती. झोपायला जातो ती जागा. घर म्हणून ब्रह्मपुरी लिहावं, हे त्या क्षणी सुचलंच नाही. त्या दोन दिवसांत पायापेक्षा तेच जास्त दुखलं.

गुरुवारी पुन्हा पोचूची जीप. तोच रस्ता, तेच खड्डे, आता उलट्या क्रमाने. गोकुळा दारात उभी होती. मला उतरवताना तिने माझा हात जो धरला, तो खाटेवर बसवल्यावरही बराच वेळ सोडला नाही. मॅडम आल्या, पाय बघितला, कागदावर सही करून गेल्या.

गोकुळाच्या रजा भरपूर होत्या. ती पंधरा दिवस राहिली. संध्याकाळी दोन्ही कप भरायचे आणि एक माझा नसायचा. ती घरमालकिणीबरोबर नदीवर जाऊन ताजे झिंगे, म्हणजे नदीतली कोळंबी, आणायची. मी खाटेवरून तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत पडून राहायचो आणि पाय जरा सावकाश जुळावा, अशी इच्छा करायचो. हाडाने ऐकलं नाही. फार इमानदारीने जुळत होतं.

ती निघाली तेव्हा मी कुबड्या टेकत एसटीपर्यंत गेलो. खिडकीतून ती म्हणाली, "यंदा बदलीचा अर्ज मी भरतो. सिरोंचाच मागतो."

मी कुबडी बगलेत दाबून खिडकीचा गज धरला. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी काऊन? असे झिंगे ब्रह्मपुरीले भेटतेत का?"

एसटी सुटली.

प्लास्टर आता निघालंय. अर्जाचं उत्तर यायचंय. मी दर रविवारी लंगडत नदीवर जातो आणि नव्या मोबाईलवरून झिंग्यांचा फोटो तिला पाठवतो. तिचं उत्तर लगेच येतं, की मोठे आहेत का, ताजे आहेत का, भाव काय. पाय कसा आहे, हे अजून एकदाही विचारलेलं नाही.