तुळशीरामजींना ‘बरं आहे का’ विचारू नये

मी मोहाडीच्या तहसील कचेरीत बदलून आलो, त्या आठवड्यात बड्या बाबूंनी मला दोन सूचना दिल्या. एक, साहेब खोलीत नसताना त्यांचा पंखा लावायचा नाही. दुसरी, बाजारगल्लीतल्या तुळशीरामजी किराणावाल्यांना ‘काय, बरं आहे का?’ असं विचारायचं नाही.

पहिली मी पाळली. दुसरी दोन दिवसांत विसरलो. घरी पाहुणे आले होते, चूल पेटलेली होती, दूध उतू जायच्या बेतात होतं आणि बायकोनं चहापत्ती आणायला पिटाळलं होतं. तुळशीरामजींची आणि माझी भिंतीला भिंत. दुकानात शिरता शिरता सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काय तुळशीरामजी, बरं आहे का?’

त्यांनी तागडी खाली ठेवली. चष्मा कपाळावर चढवला. थोडा वेळ खरोखरच विचार केला आणि म्हणाले, ‘नाही, बरं नाही.’ मग डावा गुडघा झाला, तुमसरच्या ठोकवाल्यानं भिजकी तूरडाळ गळ्यात मारली ते झालं, मेहुण्यानं बारशात आपल्याला आहेराच्या वेळी शेवटी बोलावलं आणि त्याचं आपल्याला अजून कसं वाईट वाटतं ते झालं. सकाळी पोस्टमनवर उगाच खेकसलो, याची रुखरुख झाली. शेवटी त्यांनी चष्मा खाली घेतला.

‘आता तुमी सांगा.’

‘मी ठीक आहे,’ मी म्हणालो.

‘चेहऱ्यावरून तर नाही वाटत. मनातलं सांगा नं बाबूजी. मनात ठेवून का लोनचं घालता?’

मनातलं एवढंच होतं की घरी दूध उतू गेलं असेल. ते गेलंच होतं. बायकोनं तिच्या मनातलं मला लगेच सांगितलं, त्यासाठी तिला कुठल्या पुस्तकाची गरज पडली नाही.

पुस्तकाची गरज तुळशीरामजींना पडली होती. हे सगळं एका पुस्तकानं केलं, यावर मोहाडीत एकमत होतं. ते पुस्तक आलं रद्दीतून. पुड्या बांधायला ते नागपूरहून रद्दी मागवत, आणि त्यांची मुलगी शकू संध्याकाळी गल्ल्यामागे पोत्यावर बसून पानं फाडत असे. शकूची आई शकू लहान असतानाच गेली. घरात बाप आणि लेक, दोघंच. एका संध्याकाळी फाडता फाडता शकू वाचायला लागली आणि फाडायची थांबली. तोवर वरचं वेष्टन, लेखकाचं नाव आणि पहिलं प्रकरण गावभर जिऱ्या-मोहरीबरोबर गेलं होतं. उरलं ते तिनं बापाला वाचून दाखवलं. रोज थोडं थोडं. पुस्तकाचं म्हणणं साधं होतं. माणसानं जे वाटतं ते दडवू नये. राग आला तर राग, भीती वाटली तर भीती, माया वाटली तर माया, सरळ बोलून मोकळं व्हावं. दडवलेलं आतल्या आत कुजतं.

तुळशीरामजी तोवर चारचौघांसारखे दुकानदार होते. पुस्तक संपलं आणि त्यांनी गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली की हे तांदूळ घेऊ नका, मलाच आवडत नाहीत.

एवढ्यावर थांबते तर गाव हसून विसरलं असतं. पण ते पुस्तक त्यांनी वाचायला द्यायला सुरुवात केली. मोहाडीत तेव्हा टीव्ही यायचा होता, लोकांना उद्योग नव्हता. पुस्तक घरोघर फिरलं आणि गावात दोन तट पडले. आमच्याच कचेरीतल्या एका कारकुनानं पुस्तक वाचून साहेबांना मनातलं सांगितलं. त्याची बदली जिल्ह्याच्या पार टोकाला, सालेकशाला झाली. जाताना म्हणाला, झोप मात्र फार छान लागून राहिली. कोष्टीपुऱ्यातल्या एका सुनेनं वाचून सासूला मनातलं सांगितलं आणि महिनाभर माहेरी कारध्याला जाऊन बसली. पण परत आली तेव्हा सासू एस्टी स्टँडवर घ्यायला गेली होती. आता हे पुस्तकाचं यश की अपयश, यावर चहाच्या टपरीवर रोज खल चाले. पुस्तकाच्या बाजूचे लोक बाहेरच्या बाकावर बसत, विरोधातले आत. आतल्यांचे पुढारी होते शाळेचे हेडमास्तर. ते म्हणत, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं कसं बोलावं ते या पुस्तकात आहे. कधी बोलावं ते पहिल्या प्रकरणात असेल, आणि त्यात तर तुळशीरामनं जिरं बांधलं.’

मी कुठल्याच तटात नव्हतो. मी दोन्हीकडचा चहा पीत असे. पुस्तक मीही वाचायला घेतलं होतं. निम्मं वाचलं, पटलं, म्हणून मिटून परत केलं. सरकारी नोकरीत निम्मंच बरं.

गंमत होती तोवर होती. मग शकूचं लग्न निघालं.

शकू हुशार, तोंडाची फटकळ, हाताची चलाख. पहिले पाहुणे तुमसरचे. मुलाच्या आईनं गोड आवाजात विचारलं, ‘पोरगी शांत आहे नं?’ असल्या प्रश्नाला उत्तर नसतंच, नुसती मान हलवायची असते. तुळशीरामजी म्हणाले, ‘शांत? कोनं सांगतलं तुमाले? परवा दुधात पानी निघालं तं तिनं दूधवाल्याच्या हातात लोटा देऊन त्याले त्याचंच दूध पाजलं. राग नाकावर आहे तिच्या.’ पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले.

दुसरे पाहुणे साकोलीचे. त्यांना शकू पसंत पडली होती. दिवस मंडईचा होता. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, घराघरात पाहुणे उतरतात, रात्री नाटक असतं, आणि निम्म्या जिल्ह्याच्या सोयरिकी त्याच दिवसांत जुळतात. मंडईच्या पाहुण्याची एक रीत असते. तो ‘निघतो आता’ म्हणतो. यजमान ‘असं कसं, जेवल्याबिगर जाता का’ म्हणतो. तो पुन्हा उठतो, यजमान त्याची पिशवी आत नेऊन ठेवतो, आणि मग तो नाइलाज झाल्यासारखा पानावर बसतो. जायचं कुणालाच नसतं. पण मुलीच्या बापानं थांबवलं नाही, तर त्याचा अर्थ सोयरीक नको, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

साकोलीचे पाहुणे रीतीप्रमाणे उठले. ‘निघतो आता,’ म्हणाले.

‘हं, निघा,’ तुळशीरामजी म्हणाले. ‘सव्वापाचची यष्टी आहे. अन् मनातलं सांगतो, भात तुमच्यापुरता नाही टाकला.’

ती माणसं बाजारगल्लीतून स्टँडकडे गेली तेव्हा घराघरातून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता. मी ओट्यावर उभा होतो. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं माझ्या दाराकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला अजून आठवते.

यानंतर बाहेरच्या बाकावरचे काही लोक आत जाऊन बसायला लागले.

पुढच्या वर्षीच्या मंडईला कोंढ्याचे पाहुणे येणार असं ठरलं. तळ्याखालची धानाची शेती, एकुलता मुलगा. त्याच्या आधी आठ दिवस शकू आमच्याकडे आली. माझ्या बायकोजवळ बसली, पण बोलली माझ्याकडे पाहून.

‘काकाजी, बाबाले सांगा नं. त्या दिवशी चूप राहा म्हना.’

‘तूच सांग की. तुझं ऐकतात ते.’

‘सांगतलं. म्हनते, चूप राहनं म्हनजे खोटंच बोलनं. पुस्तकात आहे.’ मग हळूच म्हणाली, ‘हे पाव्हने मले जाऊ द्याचे नाहीत.’

बायकोनं बाकीचं काढून घेतलं. मुलगा मोहाडीला मावशीकडे येत असे. एकदा दुकानात गूळ घ्यायला आला. शकू म्हणाली, हा नका घेऊ, जुना आहे. तो म्हणाला, तुमीच दुकानदार नं? आणि हसत हसत तोच गूळ घेऊन गेला. त्यानंतर त्याच्या मावशीकडे गुळाची फारच उचल व्हायला लागली होती.

मी ही गोष्ट टपरीवर नेली. आणि पहिल्यांदाच आतले आणि बाहेरचे एका बाकावर बसले. तुळशीरामजींचं तोंड कसं बंद ठेवायचं, एवढाच विषय. हेडमास्तरांनी तोड काढली. पान. माणूस कितीही खरा असो, तोंडात भरपूर पान असलं तर नुसती मान हलवतो. विडे पुरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शेजारी.

मंडईच्या दिवशी मी पानवाल्याला सांगून असे विडे बांधून घेतले की एकेक विडा लिंबाएवढा. पाहुणे आले, बैठक बसली. मुलाचे वडील तानबाजी. उंच माणूस, मिशा जाड, बोलणं थोडं. मी तुळशीरामजींना पहिला विडा दिला. तो संपत आला तसा दुसरा दिला. कोणी विचारलं, यंदा धान कसा? मान हलली. मुलगी कितवी शिकली? मी सांगितलं. मुलगी शांत आहे का, हे कोणी विचारण्याच्या आत हेडमास्तरांनी तळ्याच्या पाण्याचा विषय काढला. सगळं सुरळीत चाललं होतं. शकूनं चहा दिला, मुलानं कप उचलताना वर पाहिलं, तिनंही पाहिलं आणि आत गेली.

तानबाजींनी कप खाली ठेवला.

‘साकोलीवाले आमच्या साडूच्या नात्यातले,’ ते म्हणाले. ‘त्यायनं सांगतलं, हा मानूस खोटं बोलत नाही. ते रागानं सांगून राहिले होते. पन मी म्हटलं, असा मानूस पाहाले पाह्यजे. तुळशीरामजी, मी एकच विचारतो. तुमाले पोरगी द्याची आहे का नाही?’

मी घाईनं तिसरा विडा पुढे केला. तुळशीरामजींनी तो घेतला आणि ताटलीत परत ठेवला. उठले, परसात गेले. चूळ भरल्याचा आवाज आला. हेडमास्तरांनी डोळे मिटले.

ते परत येऊन बसले. चष्मा कपाळावर चढवला.

‘मनातलं सांगतो. द्याची नाही.’

आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

‘पोरगा चांगला आहे तुमचा. तिले पसंत आहे, मले दिसते नं. तुमचं घर चांगलं आहे. पन मले द्याची नाही. कोनालेच द्याची नाही. तुमसरवाल्यायले मी तिचा राग सांगतला, साकोलीवाल्यायले उपाशी धाडलं. गाव म्हनते, तुळशीराम खरं बोलते. काही खरं नाही बोललो मी. ते लोकं जावे म्हनून बोललो.’ त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. ‘सांजच्याले ती वाचते अन् मी आयकतो. पुस्तक केव्हाच संपलं. आता ती रद्दीचे पेपर वाचते. मी तेही आयकतो. ती गेली का मंग कोन वाचते?’

दार उघडलं. शकू बाहेर आली. चार पाहुण्यांसमोर मुलीनं असं यायचं नसतं, पण ती आली.

‘बाबा, हे तुमी मले काहून नाही सांगतलं?’

तुळशीरामजींनी चष्मा खाली ओढला.

‘तुले सांगतलं असतं तं तू थांबली असती, बाई.’

माझ्या शेजारी हेडमास्तर उपरण्यानं नाक पुसत होते. मलाही विड्यांची ताटली नीट दिसत नव्हती.

तानबाजी मिशांवरून हात फिरवत राहिले. मग उठले. ‘निघतो आता,’ म्हणाले.

तुळशीरामजी उठले, त्यांनी तानबाजींची पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर येऊन म्हणाले, ‘बसा. भात टाकला आहे. तुमच्यापुरता टाकला आहे, सकाळीच.’

लग्न उन्हाळ्यात झालं. टपरीवर दोन्ही तट आपापल्या जागी परत गेले. बाहेरचे म्हणत, पाहा, शेवटी खऱ्यानंच सोयरीक जुळली. आतले म्हणत, खऱ्यानंच दोनदा मोडली होती. पुस्तक शकूनं कोंढ्याला नेलं. तुळशीरामजींनीच ते तिच्या पेटीत घातलं. तिकडे ते सासरच्या भावकीत फिरायला लागलं आणि तळ्याच्या पाळीवर बसून माणसं भांडायला लागली, असं कानावर आलं. मला फार बरं वाटलं.

वरात गेल्यानंतरच्या आठवड्यात मी संध्याकाळी दुकानात जिरं आणायला गेलो. तुळशीरामजी स्वतःच रद्दीची पानं फाडत होते. फाडताना एखादं पान दिव्याकडे धरत आणि खाली ठेवत. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. गल्ल्यामागचं शकूचं पोतं रिकामं होतं. त्यांनी जिरं जोखून पुडी बांधली, माझ्या हातात दिली. घरी काही उतू जात नव्हतं. मी विचारलं,

‘तुळशीरामजी, बरं आहे का?’

‘बरं आहे,’ ते म्हणाले आणि पुढचं पान ओढलं.

एवढी वर्षं मोहाडीत काढली, पण त्या माणसाच्या तोंडून साफ खोटं मी तेवढंच ऐकलं. मी पुडी खिशात टाकली, गल्ल्यामागे जाऊन पोत्यावर बसलो, वरचा पेपर उचलला आणि पुन्हा एकदा विचारलं.